माधवीचं नाव

कळस
नागपंचमी झाल्यावरचा गुरवार

इंदे,

इतक्या वर्सांनी अक्काचं अक्षर बघून तुला काय वाटायचं ते वाटू दे. मी खुशाली इचारायला लिहीत न्हाय.

काल रंगूबाई आली होती. तीच रंगूबाई, जिला तू आमदार असताना महिला मंडळाच्या बायांबरुबर नागपूरला नेली होतीस, गॅलरीचा पास काढून, अधिवेशन दाखवायला. ती म्हणली, आमदारबाईंचं पुस्तक निघतंय. सभेत केलेली समदी भाषणं एका जागी छापणार, आन बारामतीत मोठा कार्यक्रम करणार.

मला एवढंच सांग, त्यात ते नागपूरचं भाषण हाय का? ज्यात तू माझ्या माधवीचं नाव घेतलंस ते?

माझी लेक बाळंतपणात गेली, इंदे. दवाखान्याच्या दारात बसवून ठेवली, डॉक्टर न्हाय म्हणून पुढं धाडली, आन पोरीला जन्म दिऊन ती जीपमधीच संपली. ते दुख माझ्या घरातलं. तू ते बाप्यांच्या सभेत उभं ऱ्हाऊन सांगितलंस. मला इचारलंस न्हाय. रंगूबाईनं वरनं ऐकलं, गावात येऊन सांगितलं. गावातनं ते बावड्याला, माधवीच्या सासरी गेलं. मग चौकशीवाल्यांची जीप हिंदुरावांच्या दारात. सुनंला उशिरा का आणली, असं माझ्या व्याह्यांना आळीतल्या माणसांदेखत इचारलं. ज्या माणसाला कारखान्यात खुर्ची द्यायला लोक उठत्यात, त्याला उभं करून जाब घेतला.

त्यांनी त्याच दिशी निरोप धाडला, तुमच्याकडचं कुणी आमच्या दारात यायचं न्हाय. माझी छकुली तवा नुसती धरून उभी ऱ्हात होती. माधवीची तेवढीच खूण. तिचं आजोळ तुटलं. आता कालिजात जाती म्हणं. मी तिला वळखणार बी न्हाय.

लोक म्हणत्यात, आमदारबाईंमुळं दवाखान्यात डॉक्टरीण आली, रगत मिळायला लागलं, किती जणी वाचल्या. वाचू द्या. मी कुणाच्या लेकीचं वाईट चितत न्हाय. पर माझ्या हातातली दोन्ही गेली.

पुस्तकात माधवीचं नाव नको. एवढं ऐक. पयल्यांदाच ऐक माझं.

लीलाबाई

---

बारामती
७ ऑगस्ट

अक्का,

खाली 'लीलाबाई' अशी सही केलीस. मला. लहानपणी माझी वेणी ओढून उठवणाऱ्या बाईनं!

पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मी अंगणात बसले होते. अक्षर बघूनच रडायला लागले. अश्लेषा आतून धावत आली, तिला वाटलं कुणी गेल्याची बातमी आहे. मी पत्र दाखवलं, तर तीही रडायला बसली. मायलेकींचा तमाशा झाला नुसता.

तुला तुझ्या रणजितनं सांगितलं असेल असं धरून चालले होते, पण पत्रावरून वाटतं नाही सांगितलं. माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, स्वरयंत्र काढावं लागलं. आवाज गेला. जिला सभापती दर वेळी 'सन्माननीय सदस्या, आता खाली बसा' म्हणून दमायचे, ती बाई आता चहात साखर कमी आहे हे पाटीवर लिहून दाखवते. हसलीस तरी चालेल. मी हसते, फक्त ऐकू येत नाही.

पुस्तक माझं नाही, अश्लेषाचं आहे. कॉलेजात शिकवून उरलेला सगळा वेळ ती त्यातच असते. मुंबईहून विधिमंडळाच्या ग्रंथालयातून माझी सगळी भाषणं मागवली. मला वाचून दाखवते. परवा पहिलं भाषण वाचलं. विधान परिषदेत नवीनच गेले होते. सुप्याकडच्या शाळांत मुलींना संडास नाही म्हणून वयात आल्या की पोरी घरी बसतात, हे बोलायला उभी राहिले. 'संडास' म्हटल्याबरोबर बाकांवर हशा. मंत्रीही हसले. मी म्हणाले, "सभापती महोदय, मंत्रिमहोदयांचं हसून झालं की मी पुढे बोलते." मग कुणी हसलं नाही. त्या शाळांना ते मिळायला वर्षं गेली, दर अधिवेशनात विचारत राहिले. एकदा एक मंत्री मला बघून लॉबीतच म्हणाले, "बाई, तुमचे संडास मंजूर झाले." मी त्यांना तिथंच पेढा दिला.

असो. मी भाषणच करायला लागले.

माधवीच्या नावाची काळजी करू नकोस. ते पुस्तकात येणार नाही. शब्द देते.

अक्का, ये ना एकदा. डॉक्टर तोंडावर काही बोलत नाहीत, पण अश्लेषा हल्ली माझ्याशी फार गोड वागते, त्यावरून मी काय ते समजले.

तुझी
इंदू

---

कळस
पोळ्याच्या दुसऱ्या दिशी

इंदे,

रणजितला चांगला झाडला. रोज दुधाचा टेम्पो घिऊन बारामतीला जातो, तुझ्या घरी च्या पितो, आन मला सांगत न्हाय! म्हणतो, "आई, तूच म्हणली हुतीस त्या घराचं नाव काढायचं न्हाय." माझाच शब्द माझ्या तोंडावर मारला कार्ट्यानं. आमची पोरं तुझ्यावर गेल्यात.

त्याच्याबरुबर ज्वारीचं पीठ पाठवलंय. ताकात आंबील कर, पातळ. जिरं घाल, मिरची नको. तिखट तुला मरेस्तवर आवडणार, पर आता घशाचं ऐक.

मी रातीला जेवले न्हाय तुझं पत्र वाचून. इंदीचा आवाज न्हाय, हे माझ्या मनाला पटंना. म्हसरांमागं जायचो तवा वड्याच्या पल्याडनं तू हाक मारायचीस, आन हितं अल्याड म्हसरं वळायची.

पर मूळ गोष्ट सोडत न्हाय. पुस्तकात नाव येणार न्हाय, चांगलं झालं. पर पुस्तकानं काय हुतंय? रंगूबाई म्हणती, सभेत बोललेलं समदं तितं बसलेली माणसं लिवून घेत्यात, आन ते सरकारात जपून ठेवत्यात. शंभर वर्सांनी बी कुणी काढून वाचावं. म्हंजी आपुन मेलो तरी माझ्या पोरीचं बाळंतपण तितं उघडं पडून ऱ्हाणार.

ती असं बी म्हणली, की कुणी वंगाळ बोललं तर खुर्चीवरचा माणूस सांगतो, हे काढून टाका. मग ते काढत्यात. बोलणारा आपले शब्द मागं घेतो. तिनं डोळ्यानं बघितलंय.

मग तू बी मागं घे. लाज कसली? माधवीचं नाव त्या कागदातनं काढून घे. मी बावड्याला जाऊन हिंदुरावांना सांगंन, झालं ते झालं, आता कुठं नाव ऱ्हायलं न्हाय, माझी नात मला दावा. आन मग मी तुझ्याकडं येते. हातानं करून आंबील पाजते.

तू एवढी वर्सं लोकांची कामं केलीस. हे एक माझं कर.

अक्का

---

बारामती
२ सप्टेंबर

अक्का,

सही 'अक्का' झाली! अश्लेषाला दाखवून आले.

आंबील प्यायले. मिरची घातली होती थोडी, तुला खोटं कशाला सांगू. घशाची आग झाली आणि अश्लेषानं मिरचीचा डबाच वर ठेवून दिला.

आज गौरी गेल्या. माधवी अकरावी-बारावीला माझ्याकडे होती तेव्हा गौरीला साडी तीच नेसवायची. मला निऱ्या जमत नाहीत म्हणून हसायची. "मावशे, तुला कायदे कळतात, निऱ्या कळत नाहीत." माझ्या भाषणाची तयारी तिच्यासमोर व्हायची. मी वाचायची, ती भाजी निवडत ऐकायची आणि म्हणायची, "लांबलं. मंत्री झोपला." मग मी कापायची. माझी निम्मी भाषणं तिनं छाटलेली आहेत. ती माझीही होती, अक्का. तू जन्म दिलास, पण ती दोन वर्षं ती माझ्या घरात झोपली-उठली, मी तिच्या वेण्या घातल्या.

तू जे मागतेस त्याबद्दल लगेच काही सांगता येत नाही. कामकाजातला मजकूर, त्याचे नियम, माजी सदस्याला काय अधिकार असतात, हे सगळं पाहावं लागेल. मी अश्लेषाला विचारायला सांगते. योग्य ती माहिती घेऊन तुला कळवीन. तोवर मनाला लावून घेऊ नकोस.

रणजितला म्हणावं, चहा प्यायला येत जा. तू रागावलीस म्हणून बाहेरूनच हॉर्न वाजवून जातो.

इंदू

---

कळस
८ सप्टेंबर

इंदे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. व्हय का न्हाय, काय बी कळंना. योग्य ती माहिती घिऊन कळवीन! आगं, बहिणीशी बोलतीस का विरोधी पक्षाशी?

तूच अधिवेशनातनं आल्यावर सांगायचीस, मंत्री लांबण लावायला लागला की समजायचं, उत्तर लपवतोय. तू काय लपवतीस?

मला चौथीपातूरचं वाचायला येतं, पर तुझं तोंड मला कागदावरनं बी दिसतं. एका शब्दात सांग. नाव निघतंय का न्हाय?

अक्का

---

बारामती
१५ सप्टेंबर

अक्का,

निघालेलं आहे. त्याच दिवशी निघालं.

तुला हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता तू विचारलंच आहेस तर सगळं ऐक.

माधवी गेली त्यानंतरच्या हिवाळी अधिवेशनात मी प्रश्न टाकला होता. आपल्याकडे प्रश्न विचारायची ठरलेली रीत असते. 'डॉक्टर हजर नसल्यामुळे बाळंतपणासाठी आलेल्या स्त्रीला पुढे पाठवण्यात आलं व तिचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय?' नाव घालायचं नसतं. मीही घातलं नव्हतं. तुझा विचार करूनच घातलं नव्हतं. बोलायचं ते दवाखान्यावर बोलायचं, घरातलं माणूस मध्ये आणायचं नाही, असं मनाशी पक्कं करून मी गेले होते.

सकाळी छापील उत्तर हातात आलं. 'हे खरे नाही. अशी घटना घडलेली नाही.'

मी ते पुन्हा वाचलं. मी तिला शेवटची पाहिली होती अक्का, तुझ्याबरोबर. तिच्या पायातली जोडवी तू काढत होतीस आणि ती निघत नव्हती, पाय सुजले होते. आणि इथे लिहिलं होतं, घडलेली नाही.

माझा नंबर आला. मी उभी राहिले. कागद बाकावरच राहिला. मी म्हणाले, "सभापती महोदय, जी घटना घडलेली नाही असं शासन म्हणतं, तिचं नाव माधवी. ती माझ्या बहिणीची मुलगी. ती दुपारी दवाखान्याच्या दारात आली. तिला उशिरा आणलेलं नव्हतं. तिथं डॉक्टरच नव्हते."

रंगूबाईनं पाहिलं ते एवढंच. त्यानंतर सगळ्या जणींना पाणी प्यायला खाली नेलं, पुढचं तिला माहीत नाही.

पुढे एक सदस्य उठले. म्हणाले, जी व्यक्ती सभागृहात येऊन आपली बाजू मांडू शकत नाही तिचं नाव इथं घेता येत नाही, हरकतीचा मुद्दा आहे. नियमाला धरूनच बोलले. मीही दुसऱ्यांवर तशी हरकत घेतली होती. सभापती म्हणाले, "नाव कामकाजातून काढून टाकण्यात यावं." मी विरोध केला. मला खाली बसा म्हणाले. मी बसले नाही. पुन्हा म्हणाले. बसले.

त्या दिवसाचं कामकाज छापून आलं त्यात माझं भाषण आहे, चौकशीचा आदेश आहे, डॉक्टर नेमण्याचं आश्वासन आहे. फक्त तिच्या नावाच्या जागी कंस आहे, आणि कंसात 'वगळण्यात आले'. अश्लेषाच्या पुस्तकातही तेच छापायला लागणार, म्हणून मी तुला तसा शब्द देऊ शकले.

आता म्हणशील, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. तू रागावली होतीस की तिचं नाव तिथं कायमचं राहिलं. मी म्हटलं, रागावू दे. राग तरी धड गोष्टीवर आहे. दवाखान्याच्या वहीत ती नाही, शासनाच्या उत्तरात ती नाही, आणि जिथं मी तिला लिहवली तिथूनही तिला काढली, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? आता तर तोंडच राहिलं नाही.

मी बोलले ते चुकलं असं मात्र मी लिहिणार नाही. तू मागितलंस तरी नाही. मी गप्प बसले असते तर घटना घडलेली नाही, हेच शेवटचं उत्तर राहिलं असतं.

तुला हवं होतं तसंच झालंय. बावड्याला जा, हिंदुरावांना सांग. छकुलीला बघ. आणि मग इकडे ये, म्हणाली होतीस तशी.

मी वाट बघते.

इंदू

---

कळस
दसरा झाल्यावरचा आयतवार

इंदे,

लई दिस लिवलं न्हाय. रणजितकडनं कळत हुतं, तू दवाखान्यात गेलीस, परत घरी आलीस, परत गेलीस. तू जा म्हणालीस तिकडं आधी जाऊन आले. आता सांगते काय झालं ते.

तुझं पत्र वाचलं आन देवापुढं साखर ठेवली. खोटं कशाला सांगू. निघालं म्हणलं नाव, सुटलो. पितर झालं, घट बसायच्या आत सकाळच्या यस्टीनं बावड्याला गेले. कुणाला सांगितलं न्हाय. लुगडं नवं नेसले. नात बघायची हुती.

हिंदुराव वसरीवर कॉटावर हुतं. लई थकल्यात. मला बघून काठी शोधायला लागलं, उठायला. मी म्हणलं, "बसा आबा, मी भांडायला न्हाय आले." तवर आतनं एक पोरगी पाण्याचा तांब्या घिऊन आली. तिनं मला वळखली न्हाय. मी तिला वळखली. कपाळ माधवीचं, चालणं बी माधवीचं, जरा उजवीकडं कलून. पाण्याचा तांब्या मी तसाच खाली ठेवला.

मी आबांना म्हणलं, "तुमच्या सुनंचं नाव त्या सभेच्या कागदावर न्हाय. त्याच दिशी काढून टाकलंय. आमच्या इंदीनं लिवून कळवलंय. आता तरी राग सोडा."

आबा म्हणलं, "बरं झालं."

आन ती पोरगी, छकुली, खांबाला धरून उभी. म्हणली, "काढलं? कुणी काढलं?"

मी म्हणलं, "खुर्चीवरच्या माणसानं, बाळा."

इंदे, ती जी रडाय लागली. मला म्हणती, "आजोबा रागात म्हणायचे, आमच्या सुनेचं नाव त्या बाईनं विधानभवनात लिहून ठेवलं. तेवढंच मी ऐकलंय आईबद्दल. घरात आईचा फोटो पण नाही, नवीन आईला बरं दिसत नाही म्हणून माळ्यावर ठेवलाय. शाळेत पोरी विचारायच्या, तुझी आई कुठाय. मी सांगायची, माझ्या आईचं नाव विधानभवनात आहे. मोठी झाले की जाऊन वाचणार होते."

मला धरणी पोटात घील तर बरं असं झालं. मी साखर ठेवली हुती गं देवापुढं! माझ्या लेकीचं नाव पुसलं म्हणून साखर! कसली आय म्हणायची मी?

एवढी वर्सं मी म्हणत हुते, तिला उघडी टाकली, झाका. आन तिची लेक तिथनं तिला बघाय जाणार हुती.

हिंदुरावांच्या बी डोळ्याला पाणी आलं. बायकोला म्हणलं, पोरीच्या आयचा फोटू माळ्यावरनं काढा. मला म्हणलं, "इहीणबाई, दिवाळीला न्या नातीला." मी आले ते यस्टीत रडत आले. शेजारची बाई इचारती, काय झालं मावशी. मी म्हणलं, काय न्हाय, नातीला भेटून आले.

तर आता मी आधी मागितलं ते ऱ्हाऊ दे. उलटं मागते. ते नाव परत घालता येतंय का बघ. जो कोण हरकत घेणारा हुता, जो कोण खुर्चीवर हुता, त्याला सांग, आयनं मागितलंय. पोरीनं मागितलंय. तू एवढ्यांशी भांडलीस, हे एक भांड.

आन मी आता थांबत न्हाय, दिवाळी तोंडावर हाय, छकुली आली की वसुबारसंला दोघी तुझ्याकडं येतो. तिला आंबील करायला शिकवते. तिच्या पुढ्यात तुला पाटीवर लिवायला लावते, आमची माधवी कशी हुती ते समदं.

तवर दम धर. तुला दम धरायची सवय न्हाय, पर धर.

तुझी अक्का

---

बारामती
२९ ऑक्टोबर

मावशी,

त्या दिवशी आईच्या मातीला एवढी गर्दी होती की तुझ्याजवळ दोन मिनिटं बसता आलं नाही. पुढारी, पोलीस, हारांचे ढीग. तू आईच्या पायाशी बसून राहिलीस. मला तुला एक सांगायचं होतं ते राहिलं. फोनवर सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. आईची सवय मला लागली.

तुझं शेवटचं पत्र तिला पोचलं. मी दवाखान्यात तिच्या कानाशी बसून वाचून दाखवलं. छकुलीचा मजकूर आला तेव्हा तिनं हात वर केला, थांब म्हणून. थोड्या वेळानं परत वाच म्हणून खूण केली. 'आयनं मागितलंय' हे वाक्य तिनं कितीदा वाचायला लावलं मी मोजलं नाही.

मग पाटी मागितली. लिहिलं, 'परत घालता येत नाही. नियम नाही.' मी म्हटलं, राहू दे आई, मावशी समजून घेईल. तिनं मान हलवली. पदरानं पाटी पुसली आणि एकच शब्द लिहिला. 'शोकप्रस्ताव.'

मला काही कळलं नाही. मला वाटलं ती मरणाचंच बोलते आहे. मी रडत तिच्यावर ओरडले. ती माझ्याकडे रागानं बघायला लागली, भाषण करताना कुणी मध्ये बोललं की बघायची तशी. मग खाली हळूहळू लिहीत गेली आणि मी वाचत गेले.

मावशी, माजी सदस्य वारला की पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सभागृहात शोकप्रस्ताव येतो. सभापती त्या सदस्याचं काम वाचून दाखवतात. घरच्यांकडून आधी माहिती मागवतात. ती माहिती आपण लिहून द्यायची. शेवटी सगळे उभे राहतात. आईनं लिहिलं, 'त्यात कुणी हरकत घेत नाही. एक शब्द काढत नाहीत. माधवीचं नाव माझ्या माहितीत घाल.' मग परत पुसून लिहिलं, 'तिथं मला कुणी खाली बसा म्हणणार नाही.'

आणि हसली. खरंच हसली गं.

मी म्हटलं, हो, घालते. डोळे मिटून पडली. मला वाटलं झोपली. पण परत बोटं हलली, पाटी हवी होती. शेवटचं अक्षर तिचं तेच. लिहिलं, 'आधी अक्काला विचार. त्या वेळी विचारलं नव्हतं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

विधिमंडळाकडून माहिती मागवणारं पत्र आलं आहे. अधिवेशन डिसेंबरात आहे, नागपूरला. मी बाकीचं सगळं लिहून ठेवलंय, त्या एका ओळीची जागा मोकळी ठेवली आहे. तू नाही म्हणालीस तर ती ओळ येणार नाही, आणि आईला ते चालेल.

मावशी, तुला विचारते. लिहू?

तुझी
अश्लेषा

---

कळस
तुळशीचं लगीन झाल्यावर

आशे,

लिही.

माधवी असंच लिही. पुढं बापाचं, नवऱ्याचं काय लावायचं ते तुमच्या रीतीनं लाव, पर माधवी ठळक येऊ दे. आन ती छकुलीची आय हे बी लिही. ती खरंच गेली, हे लिही. घटना घडली, असं लिही.

मी दिवाळीची वाट बघत बसले. मला काय म्हाईत, ती माझ्या आदुगर निघंल. आंबील करायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं गं.

तुझी मावशी

---

कळस
मार्गशीर्षातला मंगळवार

आशे,

तू फोनवर इचारलंस, बघितलं का मावशी. मला तवा बोलाय येईना, म्हणून छकुलीच्या हातात फोन दिला. आता लिवते.

छकुली सभेच्या आदल्या दिशीच आली हुती. आबांनी स्वता रणजितला फोन करून टेम्पो बोलावला. तिच्या पिशवीत माधवीचा फोटू हुता, माळ्यावरचा, पुसून काच बदललेला. तो तिनं माझ्या फळीवर ठेवला. सकाळी रंगूबाई बी येऊन बसली. म्हणली, मागल्या येळंला मी वरनं बघितलं, आता खालनं बघते.

रणजितनं मोबाईलवर नागपूरची सभा लावली आन तो डब्याला टेकवून ठेवला. आधी दुसऱ्या दोघा माजी आमदारांचं वाचलं, मग तुझ्या आयचं. खुर्चीवर आता दुसराच माणूस हाय. पोरींच्या शाळंतल्या संडासांचं वाचलं. कुणी हसलं न्हाय. सुप्याकडच्या चारा छावणीचं वाचलं, ते मला म्हाईत बी न्हवतं. इंदी माझ्यापाशी कवा फुशारकी मारत न्हवती, भांडायची मातर.

मग म्हणला, "आपली भाची माधवी हिच्या बाळंतपणातील मृत्यूनंतर त्यांनी या सभागृहात ग्रामीण भागातील मातांचा प्रश्न मांडला." असं सरळ वाचलं. माधवी म्हणला. मी त्या समद्या माणसांच्या तोंडाकडं बघत हुते, कोण उठतंय का, कोण हरकत घेतंय का. कुणी उठलं न्हाय. छकुलीनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

रंगूबाई म्हणली, ऱ्हायलं बाई नाव. मी म्हणलं, व्हय. ऱ्हायलं. पर त्यासाठी माझी इंदी जावी लागली.

मग समदे उभं ऱ्हायले. पांढऱ्या कापडातली माणसं, बाया, समदे माना खाली घालून. मी बी उठले. गुडघं धरल्यात, भिताडाला धरून उठले. रणजित उठला, रंगूबाई उठली. ते तितं इंदीसाठी उभं हुते, मी दोघींसाठी हुते.

थोड्या येळानं ते खाली बसले आन त्यांचं दुसरं काम सुरू झालं. छकुली म्हणली, "आजी, बसले ते. तू पण बस आता."

मी म्हणलं, "त्यांना बसू दे."

तुझी मावशी